अल्सासच्या द्विभाषिक वर्गांत शिकवण्याची नोकरी: बाहेरून आलेल्या शिक्षिकेला वाट कोणती?

रेघोटी

नमस्कार. मी सध्या जर्मनीत, बाडेन भागात, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडील काठावर राहते. नदीपलीकडे फ्रान्सचा अल्सास प्रदेश आहे. तिथल्या काही सरकारी प्राथमिक शाळांमध्ये निम्मा वेळ फ्रेंचमधून आणि निम्मा वेळ जर्मनमधून शिकवणारे वर्ग चालतात. या वर्गांना जर्मनमधून शिकवणारे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर येते.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी जर्मन भाषेत एम. ए. केले असून बी. एड. झाले आहे. गोएथे संस्थेची सी-२ या सर्वोच्च पातळीची परीक्षा उत्तीर्ण आहे. फ्रेंच तिच्या दोन पायऱ्या खालच्या बी-२ पातळीपर्यंत येते. भारतात शाळेत जर्मन ही परकीय भाषा म्हणून शिकवली आहे; मात्र गणित किंवा विज्ञान जर्मनमधून कधी शिकवलेले नाही. माझे नागरिकत्व भारतीय आहे. पतीच्या ब्लू कार्डामुळे (परदेशी कुशल नोकरदारांचा परवाना) मला मिळालेल्या परवान्यावर जर्मनीत नोकरी करण्यास कोणतेही बंधन नाही.

मला विचारायचे आहे ते असे. इकडे राहून, रोज पूल ओलांडून, तिकडे शिकवता येईल का? भारतीय पदव्या तिथे कितपत ग्राह्य धरल्या जातात? आणि जी ना फ्रेंच, ना जर्मन, ना अल्सासची, अशा व्यक्तीला तिथल्या सीमाभागातल्या मुलांना जर्मनमधून शिकवण्यासाठी कोणी खरोखर उभे करील का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो आहे, म्हणून कृपया मला बरे वाटावे म्हणून उत्तरे देऊ नयेत.

पैलतीर

मी तुमच्या पलीकडच्या काठावर, कोल्मारच्या परिसरात, नेमके हेच काम कंत्राटी शिक्षक म्हणून करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी व्यवस्था समजून घ्या, कारण नोकरीचे बरेचसे कोडे तिच्यातच आहे. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेत मुलांचा आठवडा २४ तासांचा असतो. सरकारी द्विभाषिक वर्गात त्यांपैकी १२ तास फ्रेंचमधून आणि १२ तास जर्मनमधून शिकवणे असते; याला समतोल पद्धत म्हणतात. अशा वर्गांची सुरुवात १९९१ मध्ये पालकांनी स्थापन केलेल्या एबीसीएम या संघटनेच्या शाळांतून झाली आणि पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सरकारी शाळांत असे वर्ग उघडू लागले. सर्वसाधारण पद्धत अशी की एक शिक्षक एकाच भाषेत बोलतो. त्यामुळे जर्मनवाला आणि फ्रेंचवाला अशी जोडी असते आणि दोघे मिळून दोन वर्ग सांभाळतात. माझ्याकडे निम्मा आठवडा एक वर्ग आणि उरलेला निम्मा आठवडा दुसरा वर्ग असतो. म्हणजे वह्या दोन वर्गांच्या, पालकसभा दोन वर्गांच्या आणि प्रगतिपुस्तकेही दोन वर्गांची. वर्गातल्या तासांखेरीज वर्षाला १०८ तास बैठका, पालकभेटी आणि मागे पडलेल्या मुलांना मदत यांसाठी द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट तुमच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. जर्मनच्या वाट्याच्या त्या १२ तासांत भाषेचा तास थोडाच असतो. त्या वेळात बहुधा गणित, परिसर-विज्ञान, भूगोल असे विषय शिकवायचे असतात. अर्ज करणारे पुष्कळ जण आपले साहित्याचे आणि व्याकरणाचे ज्ञान मांडत बसतात, आणि समोरची मंडळी मात्र सात वर्षांच्या मुलाला हातचा घेऊन वजाबाकी जर्मनमधून कशी समजावाल, हे जाणून घेण्यासाठी थांबलेली असतात. तुमची सी-२ ही जमेची बाजू आहेच. पण गणित जर्मनमधून शिकवलेले नाही, हे तुम्ही ज्या सहजतेने लिहिले आहे, ती उणीव मुलाखतीपूर्वी भरून काढावी लागेल.

नोकरीच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली, सीआरपीई ही स्पर्धा परीक्षा देऊन कायम शिक्षक होणे. स्ट्रासबर्ग अकादमीत, म्हणजे या भागाच्या शिक्षणविभागात, तिचा प्रादेशिक भाषेसाठीचा खास प्रकारही असतो. दुसरी, त्याच खात्यात कंत्राटी शिक्षक म्हणून लागणे. मी या वाटेने आलो. तिसरी, संघटनांच्या खासगी शाळा, ज्या स्वतःच नेमणुका करतात. पहिली वाट तुम्हाला आज बंद आहे, कारण कायम सेवेत येण्यासाठी फ्रान्सचे, युरोपीय संघातील देशाचे किंवा तत्सम मान्य देशाचे नागरिकत्व असावे लागते. कंत्राटी पदाला नागरिकत्वाची ही अट नाही.

हिशेबनीस

पैलतीर यांच्या शेवटच्या वाक्याला एक मोठी पुरवणी जोडणे आवश्यक आहे, नाहीतर रेघोटी यांचा गैरसमज होईल.

कंत्राटी पदाला नागरिकत्वाची अट नसली, तरी फ्रान्समध्ये काम करण्याचा हक्क असावाच लागतो, आणि जर्मनीचा परवाना तो हक्क देत नाही. सीमेवरून रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांबद्दल आपण जे ऐकतो, ते युरोपीय संघाच्या नागरिकांना मिळणाऱ्या मुक्त संचाराबद्दल असते. शेंगेन करारामुळे तुम्ही पूल ओलांडून फिरायला, खरेदीला किंवा पाहुणी म्हणून जाऊ शकता. त्याच पुलावरून पगारी नोकरीला जायचे म्हटले की फ्रान्सची स्वतंत्र परवानगी लागते. पतीचे ब्लू कार्ड जर्मनीने दिलेले आहे आणि तुमचा कामाचा हक्क त्याच्यावर टेकलेला असल्यामुळे तो जर्मनीपुरताच आहे. 'तुमच्याकडे युरोपचा परवाना आहे ना, मग झाले' असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकून करारावर सही करू नये.

फ्रान्समध्ये परदेशी व्यक्तीला कामावर घेण्याची परवानगी मागण्याचा अर्ज सर्वसाधारणपणे मालकाने करायचा असतो आणि २०२१ पासून तो ऑनलाइन करावा लागतो. तेव्हा कोणत्याही शाळेशी बोलताना तुमचा पहिला प्रश्न वेतनाचा किंवा वर्गाचा नसून हा असला पाहिजे, की असा अर्ज करण्याची तुमची तयारी आहे का आणि पूर्वी कधी केला आहे का. एका वर्षाच्या कंत्राटासाठी एवढा खटाटोप करायला सरकारी कचेरी सहसा उत्सुक नसते. एखादी खासगी शाळा, तिला खरोखर गरज असेल तर, करू शकते. तुमचे कुटुंब उद्या पलीकडच्या काठावर राहायला गेले आणि तुम्हाला फ्रान्सचाच काम करू देणारा निवास-परवाना मिळाला, तर मात्र पैलतीर सांगतात ती दुसरी वाट पूर्ण मोकळी होते.

रेघोटी

हिशेबनीस, हे इतक्या स्पष्टपणे आजवर कोणी सांगितले नव्हते. पतीच्या कंपनीचे काम दोन्ही काठांवर चालते, त्यामुळे घर पलीकडे हलवणे अगदीच अशक्य नाही. पण नोकरीची शक्यता कळल्याशिवाय तो विचार करणे योग्य ठरणार नाही.

तोवर पायरी म्हणून भाषा-सहायकाचे काम कसे वाटते? फ्रान्सचे सरकार परदेशांतून असे सहायक बोलावते, असे ऐकले आहे.

पैलतीर

तो कार्यक्रम चांगला आहे, पण तुमच्या हेतूला तिरका जातो. सहायकाचे काम आठवड्याला १२ तासांचे आणि साधारण सात महिन्यांचे असते. भारतातून त्यासाठी उमेदवार घेतले जातात, ते इंग्रजीसाठी. जर्मनचे सहायक जर्मन भाषक देशांतून येतात. म्हणजे तुम्ही वर्गात शिरलात तरी इंग्रजी बोलण्यासाठी शिराल. वर नेमणूक कुठे होईल हे आपल्या हातात नसते. फ्रेंच शाळा आतून कशी चालते हे पाहायला मिळेल, एवढा लाभ आहे. तेवढ्यासाठी घरदार सोडून वर्षभर जावे असे मला वाटत नाही. त्यापेक्षा दोन-तीन द्विभाषिक शाळांच्या मुख्याध्यापकांना लिहून एखादा दिवस वर्गात मागे बसून निरीक्षण करू द्याल का, असे विचारा. हा निर्णय शाळेपुरता नसतो, त्यांना निरीक्षकांची संमती घ्यावी लागते. तरीही विचारण्यात काही वावगे नाही.

पाटीपेन्सिल

माझी मुलगी अशाच एका सरकारी द्विभाषिक वर्गात शिकते. शिक्षक नसलेल्या व्यक्तीच्या नजरेतून काही लिहिते, कारण शेवटी पालकांसमोर उभे राहावे लागतेच.

गणित जर्मनमधून होते याचा अर्थ काय, ते मला घरी अभ्यास घेताना कळले. जर्मनमध्ये बेचाळीस म्हणताना आपल्यासारखेच एकक आधी येते आणि दशक नंतर. फ्रेंचमध्ये दशक आधी. मुलगी पहिलीत असताना जर्मन बाईंनी संख्या सांगितली की आधी २ लिहायची आणि मग त्याच्या डावीकडे ४ घालायची. उत्तर बरोबर, पण हात उलटा चालायचा. तिच्या शेजारच्या मुलाने सरळ २४ लिहून टाकले होते. तिच्या बाई हुशार होत्या. त्यांनी दशकांच्या पट्ट्या निळ्या आणि एककांच्या लाल करून घेतल्या होत्या आणि ऐकल्यावर लगेच लिहू न देता आधी पट्ट्या मांडायला लावायच्या. पुढे भागाकाराच्या वेळी पुन्हा तोच प्रकार झाला. फ्रेंच शाळेत भागाकार उभी रेघ आणि तिला टेकलेली आडवी रेघ काढून मांडतात, तर जर्मन पुस्तकांत ८४ : ४ = २१ असा एका ओळीत. जर्मनीत छापलेले पुस्तक आणून जसेच्या तसे शिकवणाऱ्या एका शिक्षकांना वर्षाच्या मध्यात सगळी मांडणी बदलावी लागली, कारण देशपातळीवरच्या चाचण्या फ्रेंच मांडणीने होतात.

आणखी एक बारीकशी बाब. इथल्या मुलांच्या वह्यांना सेयेस नावाची आखणी असते: आठ मिलिमीटरच्या चौकटी आणि प्रत्येकीत दोन-दोन मिलिमीटरवर फिकट आडव्या रेघा. कोणते अक्षर कितव्या रेघेपर्यंत चढायचे हे ठरलेले असते आणि सर्व लेखन अक्षराला अक्षर जोडून काढायच्या वळणाचे. जर्मनचा तास असला तरी फळ्यावरचे अक्षर त्याच वळणाचे हवे असते. पालकांच्या तक्रारींतल्या निम्म्या अशाच गोष्टींच्या असतात. बाईंचे उच्चार कोणत्या गावचे आहेत, याची चर्चा मी फाटकापाशी क्वचितच ऐकली.

कोपरखळी

चित्र जरा जास्तच गुलाबी रंगवले जात आहे, असे मला वाटते. मुख्याध्यापक आणि निरीक्षक तोंडाने काहीही म्हणोत, जर्मनमधून शिकवणारी व्यक्ती म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर जर्मन मातृभाषेची व्यक्तीच येते. नदीपलीकडे अशी माणसे लाखांनी राहतात. त्यांना परवान्याची कटकट नाही, तुमच्या पदव्यांची उजळणी नाही. मग भारतीय शिक्षिकेला कोणी का घ्यावे?

शिवाय हा सीमाप्रदेश आहे. तिथे भाषा हा जुना दुखरा विषय आहे. बाहेरच्या व्यक्तीने त्यात पडून नेमके काय साधायचे आहे, हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

पैलतीर

कोपरखळी यांचा पहिला आक्षेप तर्काला धरून आहे. प्रत्यक्षात चित्र वेगळे दिसते. पलीकडचे प्रशिक्षित जर्मन प्राथमिक शिक्षक इकडे फारसे येत नाहीत, याचे साधे कारण असे की जर्मनीत शिक्षकाचे वेतन फ्रान्समधील वेतनापेक्षा बरेच जास्त आहे आणि गेल्या काही वर्षांत तिथेही प्राथमिक शिक्षक कमी पडले आहेत. जो तिकडे कायम सेवेत जाऊ शकतो, तो वर्षावर्षाच्या कंत्राटावर इकडे का येईल? म्हणून इकडे कंत्राटावर येणाऱ्यांमध्ये निवृत्तीच्या जवळ आलेले, व्यवसाय बदललेले, लग्नामुळे या काठावर स्थायिक झालेले असे लोक असतात, आणि माझ्यासारखे ज्यांची मातृभाषा जर्मन नाही असेही. मला मुलाखतीत मातृभाषा विचारली गेली, हे खरे आहे. त्यापुढचे सगळे प्रश्न वर्गाबद्दल होते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याला एका ओळीत उत्तर देता येणार नाही. अल्सास १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये नाझी जर्मनीने तो पुन्हा बळकावला आणि युद्धाच्या अखेरीस तो परत फ्रान्सचा झाला. १९४० ते १९४५ या काळात फ्रेंच बोलण्यावर बंदी होती. १९४५ नंतर प्राथमिक शाळांतून जर्मन हद्दपार झाली आणि 'फ्रेंच बोलणे झोकदार' अशा अर्थाच्या घोषणेने घरातल्या अल्सेशियन बोलीवरही पाणी फिरले. जर्मन प्राथमिक शाळेत परतली ती १९७२ च्या सुमारास, निरीक्षक होल्डेरिथ यांच्या पद्धतीने आणि तीही वरच्या वर्गांत. पुढे १९८० च्या दशकात शिक्षणविभागाचे प्रमुख पिएर देयाँ यांनी भूमिका मांडली की अल्सासची प्रादेशिक भाषा म्हणजे तिथल्या बोली आणि त्यांचे लिखित रूप म्हणजे जर्मन. आजचे द्विभाषिक वर्ग या सूत्रावर उभे आहेत. म्हणूनच वर्गात शिकवली जाते ती प्रमाण जर्मन, आणि काही आजी-आजोबांना वाटते की आपली बोली यात कुठेच नाही.

२०१२ च्या एका पाहणीत प्रौढांपैकी ४३ टक्के लोकांनी आपण बोली बोलतो असे सांगितले होते, आणि ३ ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. या दोन आकड्यांतले अंतर ज्याला कळले, त्याला पालकसभेतला ताण कळतो. कोणाला आपल्या मुलाने आजीशी बोलावे म्हणून हा वर्ग हवा असतो, कोणाला पलीकडे नोकरी मिळावी म्हणून. आणि कोणाला तर केवळ वर्गात चांगल्या घरची मुले असतात म्हणून. बाहेरच्या शिक्षिकेला या वादात एक सोय असते: ती कोणत्याच घरच्या जुन्या रागात सहभागी नसते. पण तिने इतिहास वाचलेला असावा. 'जर्मन ही तर तुमचीच भाषा' असे एखाद्या आजोबांना पहिल्याच भेटीत सांगणे, हा अज्ञानाचा कळस ठरेल.

कोपरखळी

वेतनाचा मुद्दा मान्य. पण पलीकडच्या नोकरीसाठी जर्मन, हे कारण सांगण्यात गैर काय? सरकारी कागदपत्रांतही तेच असते.

पैलतीर

गैर काहीच नाही, आणि ते कारण खरेही आहे. मुलाखतीत मात्र ते शिक्षिकेच्या तोंडी शोभत नाही. तो युक्तिवाद करायला लोकप्रतिनिधी आहेत.

डोंगरवाट

रेघोटी यांनी इतर सीमाभागांबद्दल विचारलेले नाही, तरी जर्मन येणाऱ्या अनेकांच्या मनात दक्षिण टिरोल येतो, म्हणून तिथला अनुभव मांडतो. मी बोझेनमध्ये राहतो.

इटलीच्या या प्रांताला बाहेरचे लोक द्विभाषिक म्हणतात. नोकरशाही खरोखरच द्विभाषिक आहे: सरकारी नोकरीसाठी जर्मन आणि इटालियन दोन्ही येत असल्याचा दाखला लागतो. पण शाळा द्विभाषिक नाहीत. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याच्या १९ व्या कलमानुसार जर्मन शाळा आणि इटालियन शाळा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीत शिकवणाऱ्याची मातृभाषा तीच असली पाहिजे. इतकेच काय, इटालियन शाळेत दुसरी भाषा म्हणून जर्मन शिकवणाऱ्याचीही मातृभाषा जर्मनच हवी. अपवाद लाडिन ही तिसरी स्थानिक भाषा बोलणाऱ्या खोऱ्यांतल्या शाळांचा. तिथे जर्मन आणि इटालियन यांना समसमान तास असतात, पण तिथे लाडिन येणे अपेक्षित असते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोकांनी जर्मन, २६ टक्के लोकांनी इटालियन आणि साडेचार टक्के लोकांनी लाडिन गटात आपली नोंद केली होती. सरकारी पदांची वाटणीही जनगणनेतल्या अशा प्रमाणावर चालते.

अल्पसंख्याकांची भाषा टिकावी यासाठी ही रचना आहे आणि ती तिथे यशस्वीही ठरली आहे. परंतु जिची मातृभाषा मराठी आहे, तिने या रचनेत नेमके कुठे उभे राहायचे? अल्सासमध्ये जर्मन दुर्मीळ होत चालली म्हणून बाहेरच्यांना जागा आहे. दक्षिण टिरोलमध्ये जर्मन भक्कम आहे, म्हणून नाही. सीमाभाग निवडताना हा फरक नकाशावर दिसत नाही.

हिशेबनीस

डोंगरवाट यांचे शेवटचे निरीक्षण फार उपयोगाचे आहे. त्याच धर्तीवर रेघोटी यांनी आपल्या स्वतःच्या काठाकडे पाहावे, असे सुचवतो. तिथे कामाचा हक्क आजच हातात आहे.

जर्मनीतील सरकारी शाळेत कायम शिक्षिका होणे लांबचे आहे. तिथे शिक्षकाला साधारणपणे दोन विषयांची पदवी आणि त्यानंतरचे प्रशिक्षण लागते. एकाच विषयात एम. ए. केलेल्या भारतीय शिक्षकांची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या विषयापाशी अडते. पदव्यांची छाननी राज्यनिहाय होते, म्हणून शेजारच्या राज्यात मान्य झालेले इथे मान्य होईल असे गृहीत धरू नये. खासगी द्विभाषिक शाळा आणि जर्मन-फ्रेंच बालवाड्या मात्र वेगळ्या पद्धतीने माणसे घेतात. जर्मनीच्याच झारलँड राज्याने तर २०१४ मध्ये फ्रान्सविषयक धोरण जाहीर करून २०४३ पर्यंत एक पिढी द्विभाषिक करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तिथल्या बालवाड्यांना हव्या असतात त्या फ्रेंच बोलणाऱ्या शिक्षिका, हे ध्यानात घ्या. या काठावर तुमची सी-२ जर्मन ही किमान अट होते आणि तोलून पाहिली जाते ती तुमची फ्रेंच. म्हणजे फ्रेंच बी-२ वरून सी-१ वर नेणे हे तुमच्यासाठी दोन्ही काठांवर लाभाचे काम आहे. फ्राइबुर्ग आणि झारब्रुकेन येथील जर्मन-फ्रेंच गिमनाझियममध्ये (माध्यमिक शाळांत) मात्र थेट अर्जाची आशा धरू नका. तिथले शिक्षक मुख्यतः त्या त्या देशाच्या सेवेतून येतात.

रेघोटी

सर्वांचे आभार. दिशा बरीच बदलली. फ्रेंच सी-१ ची तयारी सुरू करते, आणि घर पलीकडे नेण्याबद्दल पतीशी आता गंभीरपणे बोलता येईल, कारण परवान्याचा हिशेब कळला.

पैलतीर, एक शेवटची विनंती. कंत्राटी पदाच्या अर्जात नेमके काय जोडावे आणि मुलाखतीत काय होते, ते सांगाल का? आणि एकदा लागल्यावर पुढे काय?

पैलतीर

अर्ज शिक्षणविभागाच्या संकेतस्थळावरून होतो आणि तो वसंतातच करून ठेवावा, कारण शाळा सप्टेंबरच्या आरंभी उघडतात आणि जागा भरण्याची खरी धावपळ त्याआधी असते. अर्थात ऐन वर्षात कोणी आजारी पडले म्हणून हिवाळ्यात बोलावणे आलेलेही मी पाहिले आहे. किमान तीन वर्षांची पदवी मागितली जाते. तुमच्या पदव्यांसाठी फ्रान्सच्या एनिक-नारिक केंद्राकडून तुलनापत्र घ्या. ते पत्र तुमची पदवी फ्रेंच पदवी आहे असे म्हणत नाही, ती कोणत्या पातळीची आहे एवढेच सांगते. कचेरीला तेवढे पुरते. भाषेचे दाखले, पूर्वीच्या शाळांची अनुभवपत्रे आणि निर्दोष चारित्र्याचा दाखला जोडा. अनुभवपत्रात फक्त पद आणि तारखा असतील, तर ती नव्याने मागवा. कोणत्या वयाची मुले, वर्गात किती मुले, आठवड्याला किती तास, हे त्यात असू द्या. प्राथमिक वयाची मुले हाताळल्याचा जो काही पुरावा असेल, तो सर्वांत वर ठेवा.

मुलाखत निरीक्षक आणि भाषेचे सल्लागार शिक्षक घेतात. बोलणे दोन्ही भाषांत चालते आणि कधी कधी मधेच भाषा बदलली जाते. मला एक गणिताचा घटक देऊन विचारले गेले होते, की जर्मनचा एक शब्दही न येणारी, नुकतीच गावात आलेली मुलगी या वर्गात बसली आहे, तर पहिली दहा मिनिटे तुम्ही काय कराल. त्यांना ऐकायचे होते ते चित्रे, हाताळायच्या वस्तू, ठरावीक छोटी वाक्ये आणि पुन्हा पुन्हा तीच वाक्ये. जोडीदार फ्रेंच शिक्षिकेशी कामाची वाटणी कशी कराल, हा प्रश्न तर हमखास येतो. यासाठी फ्रान्सचा प्राथमिक अभ्यासक्रम फ्रेंचमधून वाचा आणि त्यातला गणिताचा भाग जर्मनमधून बोलून पाहा. घरी, मोठ्याने, घड्याळ लावून. लहान मुलांच्या जर्मनची सवय सी-२ च्या परीक्षेत होत नाही.

लागल्यावर करार बहुधा वर्षाचा असतो. तो ३१ ऑगस्टपर्यंत आहे की जुलैतच संपतो हे सही करण्यापूर्वी पाहा, कारण उन्हाळी सुट्टीचे वेतन त्यावर अवलंबून असते. सलग सहा वर्षे झाल्यावर मुदत नसलेल्या करारावर नेमणूक होऊ शकते. ती नागरिकत्वाशिवायही मिळते, मात्र ती कायम शिक्षकाची सेवा नव्हे. बदली आणि वेतनश्रेणी यांचे नियम वेगळेच राहतात. रोजच्या पाठांची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवा, कारण सल्लागार वर्गात येतात तेव्हा आधी तीच मागतात. आणि नेमणूक होताच, शाळा उघडण्याआधी, जोडीदार शिक्षिकेला भेटून घ्या: भागाकार कोणत्या मांडणीने, तारीख फळ्यावर कोणत्या भाषेत, वही कोणत्या रंगाची, हे तिच्याबरोबर ऑगस्टमध्येच ठरवून टाका.